गंगाराम भुवड रिंगणात का उतरला नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आंबा बागायतदार आणि आपल्या व्यायाम मंडळाचे आश्रयदाते माननीय दत्तात्रेयराव परचुरे. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले, नदीपलीकडच्या गावाहून सकाळची पहिली एस.टी. पकडून मुद्दाम आलेले ग्रामदेवतेचे मानकरी रघुनाथराव, मंडळाचे उत्साही चिटणीस, सभागृहातले जाणकार आणि अतिजाणकार बंधूंनो, भगिनींनो, आणि ज्याच्या निरोपासाठी आपण जमलो, पण ज्याचं नाव आतापर्यंतच्या भाषणांत चुकूनमाकूनच आलं, तो माझा मित्र, आपल्या व्यायामशाळेतून आज निवृत्त होणारा शिक्षक, सत्कारमूर्ती गंगाराम भुवड, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मी रावजी शिवगण. चिटणिसांनी माझी ओळख करून देताना ‘न झालेल्या ऐतिहासिक लढतीचे दुसरे महारथी’ असं म्हटलं. मुंबईत गिरणीत होतो तेव्हा मी मुष्टियुद्धाच्या पुष्कळ लढती लढलो. बऱ्याच जिंकलो, काही हरलो, एकदा पुढच्या दाताचा तुकडा रिंगणात टाकून आलो. त्यांतली एकही लढत रत्नागिरीत कुणाला ठाऊक नाही. ठाऊक आहे ती फक्त न झालेली. माणसाने जे केलं नाही त्याबद्दल त्याला व्यासपीठावर बसवावं, हा मोठेपणा आपल्याच शहराने दाखवावा. मी आभारी आहे.

रीत अशी, की अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. पण दत्तात्रेयरावांना विषय इतका प्रिय, की त्यांना धीर निघाला नाही आणि त्यांनी सुरुवातीलाच बोलून घेतलं. मी ते सगळं ऐकलं. न ऐकून सांगतो कुणाला, माझी खुर्ची भोंग्याखालीच आहे. अमेरिकेतल्या जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांची लढत झाली असती तर कोण जिंकलं असतं, हे त्यांनी राउंडवार समजावून दिलं. जो लुईस ऐन भरात असता आणि मुहम्मद अलीही ऐन भरात असता तर काय, हेही सांगितलं. मार्सियानो आणि अली यांचा निकाल म्हणे तिकडे एका यंत्राकडून काढून घेतला होता. तो निकाल दत्तात्रेयरावांना मान्य नाही. यंत्राने त्यांना आधी विचारायला हवं होतं.

मला एकच शंका आहे. अध्यक्षांना फार सुंदर नाक आहे. सरळ, घराण्याला शोभेल असं. त्या नाकावर आजवर कुणाचा ठोसा बसलेला नाही. ठोसा बसला म्हणजे काय होतं, माहीत आहे? डोळ्यांतून पाणी येतं. रडू नव्हे, नुसतं पाणी. समोरच्या एका माणसाचे दोन होतात आणि त्यांतला खरा कोणता हे ठरवायच्या आत दुसरा ठोसा येतो. त्या वेळी डावा हात खाली होता की वर होता, याची चर्चा सुचत नाही. आई आठवते. परदेशी मासिकांत हे छापत नसावेत, नाहीतर त्यांनी ते वाचलं असतं. दत्तात्रेयराव हसतायत. हसा. आपण मोठ्या मनाचे आहात म्हणूनच मी बोलतोय.

आता शहरातल्या इतर तज्ज्ञांकडे वळतो. एस.टी. स्टँडसमोर एक केशकर्तनालय आहे. गेल्या वर्षी डोळे दाखवायला मी रत्नागिरीत आलो होतो, तेव्हा तिथे बाकावर बसलो होतो. खुर्चीत एक गृहस्थ होते, मानेभोवती फडकं, पण बोलणं असं की सगळं रिंगण यांच्याच मालकीचं. विषय अर्थातच आमचा.

“भुवड दुसऱ्या राउंडात खाली बसला असता हो. पायात दमच नव्हता.”

कारागीर म्हणाला, “तुम्ही पाहिलात काय त्याला खेळताना?”

“पाहायला कशाला हवा? ऐन वेळी पळाला ना? मग झालं तर!”

आणि मित्रहो, शेजारच्या खुर्चीत, गळ्यापासून कानापर्यंत साबण लावलेला जो माणूस मान मागे टाकून बसला होता, तो हा गंगाराम. कारागिराने त्याला ओळखलं होतं. त्याने मुद्दाम विचारलं, “मास्तर, तुमचं काय मत?” गंगाराम साबणातूनच म्हणाला, “मला त्यातलं फारसं कळत नाय.”

मी बाकावरून उठलो, त्या गृहस्थांना काहीतरी सुनावणार होतो. गंगारामने आरशातून माझ्याकडे बघून नुसतं डोकं हलवलं. मी परत बसलो. ते गृहस्थ आज या सभागृहात आहेत. तिसऱ्या रांगेत. नाव घेत नाही, ते स्वतःच खाली बघतायत.

म्हणजे एवढं शहर, एवढी हुशार माणसं, आणि तीस वर्षं प्रश्न एकच. रावजीचा डावा हात भारी की गंगारामचे पाय चपळ? चहाच्या टेबलावर, देवळाच्या पायरीवर, मासळी घेताना, रिक्षाची वाट बघताना. कोण जिंकलं असतं? मला हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आज व्यासपीठावरून जाहीर उत्तर देतो. मला माहीत नाही. गंगारामलाही माहीत नाही. आम्हां दोघांना ते कळून घ्यायचं होतं, तेव्हा आमची पंचविशी होती, अंगात रग होती, आणि ती एकच गोष्ट आम्हांला कुणी कळू दिली नाही. याचा मला अजून राग येतो. आज सकाळीही आला.

आणि इथेच मला तुमच्या हुशारीची कीव येते. डेम्प्सी आणि विल्स यांची लढत ठरली होती, करारसुद्धा झाला होता असं खुद्द अध्यक्ष म्हणाले. मग झाली का नाही? विल्स काळा होता, आणि तो जिंकला तर काय, या भीतीने रिंगणाबाहेरच्या बड्या माणसांनी ती होऊ दिली नाही, असं मी ऐकून आहे. दत्तात्रेयरावांनी त्या दोघांच्या ठोशांवर इतका वेळ घालवला, आणि लढत कुणी मोडली यावर एक वाक्य नाही. जे दोघे लढायला तयार होते त्यांची चिरफाड करायची, आणि ज्यांनी लढू दिलं नाही त्यांना चहा पाजायचा. आमच्या बाबतीतही तुम्ही तेच केलंत. कोण जिंकलं असतं हे सगळ्यांनी विचारलं. कुणी मोडली, हे एकानेही विचारलं नाही. कारण तुम्हांला उत्तर ठाऊकच होतं. गंगाराम पळाला.

गंगाराम माझा सदरा ओढतोय. त्याला पुढचं बोलणं नको आहे. ओढ बाबा, सदरा नवा आहे, फाटणार नाही.

‘पळपुटा’ हा शब्द रत्नागिरीत चेष्टेचा आहे. तुम्ही तो बोलता, चहा पिता, घरी जाता. गंगारामच्या गावात तो चेष्टेचा नाही. ज्यांचा जन्म शहरात गेला त्यांच्यासाठी सांगतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. वर्षभर देवी देवळात. ते चार दिवस ती आपण होऊन माणसाच्या दारात येते. मुंबईचा चाकरमानी नोकरीवर लाथ मारून गावाला येतो तो त्यासाठी. आजारी म्हातारं माणूस उचलून ओटीवर आणून बसवतात, ते त्यासाठी. ज्याच्या अंगणात पालखी चढत नाही, तो गावात असून गावाचा नाही.

गंगारामच्या अंगणात पालखी तीस वर्षं चढलेली नाही.

गंगारामच्या पत्नी सगुणावहिनी समोर बायकांच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी न घेता बोलतोय, त्यांनी रागावू नये. लग्न होऊन त्या घरात आल्या त्या शिमग्यापासून त्या दर वर्षी गावी जातात. गंगाराम जात नाही, त्या जातात. शेजारच्या अंगणात पालखी नाचते. मग खाली उतरते. ढोल थांबतो. भुवडांच्या गडग्यापाशी, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणापाशी आले की सगळे समोर बघून गुमान चालतात. पुढच्या अंगणात गेले की ढोल पुन्हा वाजायला लागतो. वहिनी दारात उभ्या असतात. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. आमचं गाव नदीच्या अलीकडे आहे, ढोल कुठे थांबतो ते आम्हांला पलीकडून ऐकू येतं.

आणि आता निवृत्त झाल्यावर या माणसाला गावी जाऊन राहायचं आहे. शहरातली भाड्याची खोली सोडतोय. घराची कौलं चाळून घेतलीत. पण ज्या गावात देवी दारावरून तोंड फिरवून जाते, त्या गावात म्हातारपण काढायचं कसं? तो बोलत नाही, पण त्याच्यापुढे प्रश्न हाच आहे. तुमच्या शाली-श्रीफळाने तो सुटणार नाही.

म्हणून आज मी ती लढत सांगणार आहे. झाली नाही ती. बसा, कुणी उठू नका. चहा नंतर मिळेल.

तेव्हा मी गिरणीत, गंगाराम गोदीत. मुंबईतल्या कामगारांच्या स्पर्धेत आम्ही दोघेही अंतिम फेरीत आलो. दोघांच्याही गावांनी मुंबईत खोल्या घेतलेल्या, एकेका खोलीत तीस-तीस माणसं वळकट्या टाकून राहायची. आमच्या खोलीत दुसरं बोलणं नव्हतं, त्यांच्या खोलीत दुसरं बोलणं नव्हतं. मला दूध कोण देतोय, अंडी कोण देतोय, मालीश कोण करतोय. जन्मात रिंगण न पाहिलेली माणसं मला ठोसा कसा मारावा ते शिकवत होती. तुमच्यासारखीच. गंगारामचंही तेच चाललं होतं. आम्ही दोघे कधीमधी रस्त्यात भेटायचो, हसायचो, आणि त्यांच्या नजरा चुकवून इराण्याकडे चहा प्यायचो. वैर होतं ते त्यांचं. आमच्यात फक्त उत्सुकता होती.

आता आमची दोन गावं आणि त्यांच्या दोन देवी. आमची थोरली, यांची धाकटी, सख्ख्या बहिणी. शिमग्यात दोघींच्या पालख्या नदीच्या वाळूत भेटतात. ती भेट बघायला आजूबाजूची दहा गावं लोटतात. थोरली आली नाही तर धाकटी वाळूत उतरत नाही, आणि भेट झाल्याशिवाय दोन्ही गावांचा शिमगा सुटत नाही. थोरलीचा मान.

लढतीची बातमी गावांकडे गेली. आणि आमच्या शहाण्या माणसांनी काय केलं असेल? दोन्ही देवळांत कौल लावला! गुरवाने देवीच्या अंगावर फुलं लावली आणि विचारलं, आई, आपलं पोर जिंकेल काय? उजवं फूल पडलं तर होय. थोरलीने उजवा कौल दिला. धाकटीनेही उजवा कौल दिला. यात देवींचा काय दोष? थोरलीला विचारणारे थोरलीचे, धाकटीला विचारणारे धाकटीचे. आपल्या लेकराला तू हरणार असं कुठली आई सांगते?

पण इकडे मोठा पेच झाला. आमच्या गावचे मानकरी माझे सख्खे चुलते सदूअण्णा. यांच्या गावचे मानकरी बाबल्या, म्हणजे आज व्यासपीठावर बसलेल्या या रघुनाथरावांचे वडील. दोघे लढत बघायला बोटीने मुंबईला निघाले. एकाच बोटीत. जयगडच्या पुढे बोट हलायला लागली तेव्हा एकमेकांना धरून बसले आणि बोलता बोलता कौलाचा विषय निघाला. हा म्हणतो आमच्या आईने उजवा दिला, तो म्हणतो आमच्या आईने उजवा दिला. झालं. दोघांचीही उलटी थांबली.

कारण आता लढत झाली तर एक पोर हरणार. पोर हरलं तर एक देवी खोटी पडणार. बहीण बहिणीला खोटं पाडणार म्हणजे वाळूतली भेट बंद, गावागावांत डोकी फुटणार, आणि त्याहून वाईट म्हणजे मानकऱ्यांच्या शब्दाला पुढे कोण विचारणार? धक्क्याला बोट लागेपर्यंत दोघांनी निर्णय करून टाकला. लढत होता कामा नये. एकाने माघार घ्यायची. कुणी? थोरलीचा मान मोठा, तेव्हा धाकटीच्या पोराने.

ज्यांना ठोसे खायचे होते त्यांना कुणी विचारलं नाही. मला तर कळवलंसुद्धा नाही. बाबल्या मानकरी गोदीत गेला, गंगारामला बाजूला घेतलं, हातावर देवीचा अंगारा ठेवला. माझे चुलते शेजारीच उभे होते, त्याचे शब्द त्यांना अजून पाठ आहेत. “तू उतरायचं नाय. आणि का नाय उतरलास ते मरेपर्यंत कोणाला बोलायचं नाय. आईचा शबूद हाय.” हा तेव्हा काय म्हणाला, ठाऊक आहे? म्हणाला, “आई माझी, पण मग मी जिंकणार असं तिनंच सांगितलंन ना?” बाबल्याने अंगाऱ्यावर याची मूठ मिटवली.

अंतिम लढतीच्या दिवशी मी रिंगणात उभा. समोरचा कोपरा रिकामा. नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. लोकांनी ओरडायला सुरुवात केली. पंचांनी माझा हात वर केला आणि मला कप दिला. पहिल्या रांगेत माझे चुलते शेंगा सोलत बसले होते. तो कप माझ्या घरात आहे. मी तो जिंकलेला नाही. पाहुणे आले की कौतुकाने हातात घेतात, आणि मला तो त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटतो.

आता पुढचं ऐका, कारण खरी हुशारी पुढेच आहे. धाकटीचा कौल होता, गंगाराम जिंकेल. गंगाराम तर उतरलाच नाही. मग देवीचं काय झालं, असं गाव विचारणार. त्यावर बाबल्या मानकऱ्याने स्वतःच्या तोंडाने गावाला सांगितलं, की आईने शब्द दिला होता, पण पोर भ्यायलं, पळालं, आईला तोंडघशी पाडलंन. देवी खरी राहिली, मानकरी खरा राहिला. देवीचा शब्द राखायला एक पळपुटा हवा होता, तो त्यांनी घरचाच घेतला. आणि पुढच्या शिमग्यात पालखी याच्या अंगणात चढली नाही. ज्याने याला थांबवलं, त्याच्याच खांद्यावर ती पालखी होती.

गोदीच्या क्लबाने याला काढून टाकला. तोंड घेऊन गावात जाववेना, मुंबईत राहवेना, म्हणून हा रत्नागिरीत आला आणि तुमच्या पोरांना दोरीवरच्या उड्या शिकवत राहिला. त्यांतली काही पोरं राज्यापर्यंत गेली. त्यांचे आईबाप घरी जेवताना म्हणत असणार, मास्तर चांगले आहेत, पण स्वतः पळाले होते म्हणे.

हे मला कसं कळलं? गंगारामने सांगितलं नाही. त्याने तीस वर्षं जीभ दाताखाली धरली. मला सांगितलं ते सदूअण्णांनी, गेल्या शिमग्यात. चार माणसं जमवून, फुशारकीने. “मी नि बाबल्याने डोकं चालवलं नसतं ना, तर दोन गावांत रक्त सांडलं असतं.” मी त्यांच्या पाया पडत आलो आजवर. त्या दिवशी उठून बाहेर गेलो. दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीची एस.टी. पकडली आणि याला गाठलं. म्हटलं, मला सगळं कळलंय. तर हा घाबरून काय म्हणतो? “रावजी, तुला कोण बोललं? मी नाय हां बोललो.” याला काळजी शपथेची! ज्यांनी शपथ घालून याला नागवला त्यांना झोपा लागल्या, आणि हा अंगाऱ्याला जागतोय.

गंगाराम, तू शपथेत आहेस. मी नाही. मला त्या वेळी कुणी विचारलं नाही, तेव्हा मला आता कुणी गप्पही बसवू शकत नाही.

रघुनाथराव, पाणी घ्या. पेला समोर आहे. तुमचे वडील आज नाहीत, मी त्यांच्या माघारी बोललो, ते मला आवडलेलं नाही. पण ते असताना तुम्ही कधी त्यांना विचारलंत काय, की अप्पा, हा माणूस का उतरला नाही? तुम्ही मानकरी झालात, पालखी तुमच्या खांद्यावर आली, तुम्हीही भुवडांच्या गडग्यापाशी समोर बघून चालत राहिलात. आणि आज इथे शहरात, लोकांसमोर, फोटोवाल्यासमोर, तुम्ही त्याच माणसाच्या अंगावर शाल घालायला आलात. तिकडे पाठ आणि इकडे शाल. हे जमतं कसं, ते एकदा आम्हांला समजावून सांगा.

आणि चिटणीस, टेबलावर हार घालून ठेवलेले ते हातमोजे उचला बघू. समारंभाच्या शेवटी आम्ही दोघांनी ते चढवून लुटुपुटूची लढत करावी, म्हणजे लोकांना मजा येईल, असा तुमचा कार्यक्रम आहे ना? आमचे गुडघे कुरकुरतात, मला एका डोळ्याने धुरकट दिसतं, याचा खांदा वर जात नाही. तेव्हा जे होऊ दिलं नाही ते आता तमाशा म्हणून बघायचंय तुम्हांला. उचला ते. मी आणि गंगाराम तुमच्या चहाच्या वेळची करमणूक नाही.

असो. आता माझं मागणं. मी भीक मागत नाही, रघुनाथराव, हक्काचं मागतोय. शिमगा तोंडावर आला आहे. यंदा धाकटीची पालखी भुवडांच्या अंगणात चढेल की नाही? इथेच सांगा. सगळ्यांसमोर सांगा. ज्या माणसाला सगळ्यांसमोर पळपुटा म्हटलं, त्याचं उत्तरही सगळ्यांसमोर हवं.

काय म्हणालात? जरा मोठ्याने, मागच्यांना ऐकू जात नाही. ‘गावाला विचारायला लागेल, कौल लावून सांगतो.’

ऐकलंत? कौल लावून सांगतो! तीस वर्षांपूर्वी कौलानेच याचा घात केला, आणि आजही यांना स्वतःचं तोंड उघडायला फूल पडायला हवं. नको, रघुनाथराव. देवीला आणखी तसदी नको. तिने तेव्हाही काही चूक सांगितलं नव्हतं, तुम्हीच तिला गप्प केलंत.

मग माझं ऐका. सदूअण्णा आता अंथरुणावर आहेत. आमच्या गावचा मान माझ्याकडे आला आहे. माझ्या खांद्याशिवाय थोरलीची पालखी सहाणेच्या ओट्यावरून उठत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. मी आज या सभेत शब्द देतो, की धाकटी जोवर गंगाराम भुवडाच्या अंगणात नाचत नाही, तोवर थोरली वाळूत येणार नाही. तुम्ही धाकटीला घेऊन नदीकाठी उभे राहा, दहा गावं गोळा करा, ढोल बडवा. आम्ही येणार नाही. भेट होणार नाही. मग रत्नागिरीकरांना पुढची तीस वर्षं बोलायला नवा विषय मिळेल, की भेट झाली असती तर कशी झाली असती.

होय, मीही तेच करतोय. रिंगणाबाहेर उभा राहून दोघींची भेट मोडतोय. सदूअण्णांनी केलं तेच. थोरलीचा मान सांगून त्यांनी या माणसाला मागे सारलं. तोच मान सांगून मी याला पुढे आणतोय. तेव्हा चालला, तर आता का चालू नये? कुणाला यात काही गैर वाटत असेल, तर त्याने आधी मला दाखवावं, की त्या दिवशी त्याला काय गैर वाटलं होतं.

गंगाराम उभा राहिलाय. काय रे? ‘नको रावजी, देवीची भेट मोडू नको माझ्यापायी.’ हे बघा तुमचा पळपुटा. अजूनही स्वतःच मागे सरायला तयार आहे. बस खाली. या वेळी तुला विचारलेलंच नाही. रघुनाथरावांना विचारलंय.

रघू, आता राव-बिव बाजूला ठेवतो. तू माझ्या डोळ्यांदेखत वाढलास. तुझ्या बापाला लोकांची भीती वाटली, ती त्याच्याबरोबर गेली. तुझ्या वाट्याला फक्त चार पावलं वळायचं आहे. हे गडग्याचं दार, हे अंगण. बोल.

मित्रहो, गोंगाट करू नका. त्याला बोलू द्या.

काय? ‘येईल.’ माईकवर बोल. “यंदा पालखी भुवडांच्या अंगणात येईल. मी घेऊन येईन.”

टाळ्या नकोत. टाळ्या तुमच्या हातांतून फार स्वस्तात निघतात. गंगाराम रडतोय, त्याला रडू द्या, आणि तुम्ही थोडा वेळ समोर बघा.

मी फार वेळ घेतला. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, हा त्यांचा सज्जनपणा; त्यांच्याबद्दल मी जे बोललो ते नाकासकट विसरून जावं. व्यायाम मंडळाने मला इथे उभं केलं, याचा पश्चात्ताप त्यांना होत असेल, तरी मी त्यांचे मनापासून आभार मानतो. ज्यांना माझं बोलणं लागलं त्यांतले बरेच जण वयाने माझ्याहून मोठे आहेत. त्यांच्या वयाची क्षमा मागतो. बोलण्याच्या भरात काही सांगायचं राहिलं असेल, कुणाचा उल्लेख चुकला असेल, तर तो माझा उणेपणा समजून पोटात घालावा. जास्त बोललो असं वाटत असेल, तर त्याची मात्र क्षमा मागत नाही.

एक मिनिट. बायकांच्या रांगेतून सगुणावहिनी काहीतरी विचारतायत. बोला वहिनी, सगळे ऐकतायत.

‘भावोजी, कुठल्या दिवशी येईल? म्हणजे अंगण सारवायला हवं.’

रघू, त्यांना दिवस सांग. मी बसतो.